यांचा रिपोर्ट कुठंय?

फाईल जाडजूड झाली होती. बायकोच्या सोनोग्राफीचे अठरा कागद, चार वेळा तपासलेलं थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, पाळीच्या दुसऱ्या दिवशीची हार्मोन्स आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कोल्हापुरातल्या नव्या डॉक्टरबाईंनी ती शेवटच्या पानापर्यंत चाळली, परत पहिल्या पानावर आल्या आणि विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठंय?"

बायको माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "माझा कसला रिपोर्ट?"

"तीन वर्षं हिला अंडं तयार व्हायच्या गोळ्या दिल्यात. अंडं तयार होतंय, फुटतंय, ते दर महिन्याला सोनोग्राफीत दिसतंय. त्याच्या पुढं काय होतंय ते कुणी बघितलंच नाही." त्यांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या. एक तिची, एक माझी. माझी सहाशे रुपयांची होती.

हे जून २०२२ मधलं. आमचं लग्न मे २०१७ चं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेल्टिंगला आहे. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही मुलाची वाट बघितली आणि मग तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथं पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, नवव्या दिवसापासून एक दिवसाआड अंड्याची सोनोग्राफी, अंडं १८ मिलिमीटरच्या पुढं गेलं की ते फुटायचं इंजेक्शन, आणि 'आज-उद्या एकत्र राहा' असा निरोप. दर महिन्याला हेच. मधे लॉकडाऊनमध्ये खंड पडला, नंतर पुन्हा तेच. मी गाडीवरून तिला सोडायचो, बाहेरच्या बाकावर बसायचो आणि बिल भागवायचो. एवढं केलं की माझं काम झालं, असं मला मनापासून वाटायचं. सहा महिन्यांत यश आलं नाही तर औषध बदलायला हवं, निदान नवऱ्याची तपासणी व्हायला हवी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लग्नाला वर्ष होऊन, काही न वापरता संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरकडं जायचं. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच जायचं, आणि जाताना दोघांनी जायचं. डॉक्टरबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते असं म्हटलंय. त्यात पुरुषही आले. आमच्या गल्लीत मात्र या विषयावर गेल्या सात वर्षांत मी फक्त बायकांचीच नावं ऐकली.

त्या तीन वर्षांत घरात काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. आईनं तिला नरसोबाच्या वाडीला अकरा पौर्णिमा करायला लावल्या. तिनं सोळा सोमवार केले. माझ्या चुलतबहिणीच्या मुलाच्या बारशात पाळण्याभोवती बायका गोळा झाल्या तेव्हा आत्यानं तिला "तू जरा हिकडं ये, पानसुपारीचं बघ" म्हणून आत पाठवलं. ती गेली. रात्री तिनं मला ते सांगितलं, आणि मी म्हणालो, "आत्याचं काय मनावर घेतेस!" एवढंच. ते वाक्य मला आजही बोचतं.

माझ्या तपासणीचा दिवस. तीन दिवस संबंध नको, असं आधी सांगितलेलं. लॅबच्या मागं एक अरुंद संडास होता. पिवळा बल्ब, प्लास्टिकचा मग, भिंतीवर खिळा, आणि कडी अशी की दार ओढून धरल्याशिवाय बसायची नाही. हातात झाकणाची डबी, तिच्यावर पट्टी चिकटवून माझं नाव आणि वेळ. बाहेर रक्त द्यायला आलेल्या म्हाताऱ्यांची रांग आणि त्यांच्या गप्पा. दोन वेळा कुणीतरी दार वाजवलं. मी वीस मिनिटांनी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो. काउंटरवरच्या पोराला हे रोजचं सवयीचं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, घर लांब नसेल तर घरी घ्या. तासाच्या आत आणा. डबी शर्टाच्या आत, अंगाला लावून आणा, गार पडू देऊ नका. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. आणि पहिला थेंब सांडला तर सांगा, लपवू नका. सगळ्यात जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात."

त्या पोराचे मी मनातल्या मनात किती आभार मानले असतील! दुसऱ्या दिवशी घरून डबी घेऊन गेलो.

रिपोर्टमध्ये दर मिलिलिटरला शुक्राणू ५० लाख. खालची मर्यादा १ कोटी ६० लाख, ही २०२१ ची जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी. हलणारे निदान ४२ टक्के हवेत, माझे १९ होते. आकार धड असलेले ४ टक्के असले तरी भागतं, माझा १ टक्का. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही पास-नापासाची रेघ नाही, हिच्या खाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत. पण पाच वर्षं दिवस राहिलेले नाहीत, तेव्हा हा आकडा सोडून द्यायचा नाही. आणि एका रिपोर्टवर काही ठरवायचंही नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधे जोराचा ताप येऊन गेला असला तरी आकडा पडतो. माझ्या डोक्यात ते शेतकऱ्याच्या हिशेबानं बसलं: आज डबीत दिसतंय ते तीन महिन्यांपूर्वी पेरलेलं.

घरी आल्यावर बायकोनं रिपोर्ट मागितला. वाचला, घडी घातली आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. मग ड्रॉवरमधून पेन आणून फाईलवरच्या तिच्या नावापुढं 'आणि' लिहून माझं नाव लिहिलं. बोलली काहीच नाही. मीच म्हणालो, "मला आधी कळायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "मला रोज वाटायचं, आपल्यातच खोट हाय. झोपताना, उठताना. पाच वर्षं." आणि स्वयंपाकघरात गेली.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्टही तसाच आला, पण मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडं आम्ही त्याआधीच गेलो होतो. त्यांनी विचारलेले प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटले. प्रत्येकाला अर्थ होता. लहानपणी गालफुगी झाली होती का? वयात आल्यावर झाली असेल तर ती अंडकोषात उतरून कायमची इजा करू शकते. अंडकोष जन्मतः खाली उतरले होते का? हर्नियाचं ऑपरेशन? मधुमेह? मावा, तंबाखू, दारू? मावा होता, दिवसाला दोन पुड्या. आणि काम काय?

मी भट्टीचं सांगितलं. लोखंड १४०० अंशांच्या पुढं तापवायचं, लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या पळीत, घ्यायचं, साच्यात ओतायचं. पाळीतले चार-पाच तास भट्टीच्या तोंडाशी. डॉक्टरांनी मान डोलावली. अंडकोष शरीराच्या बाहेर पिशवीत का असतात, तर त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते म्हणून. भट्टीवाले, बॉयलरवाले, बेकरीत ओव्हनपुढं राबणारे, दिवसभर ट्रक चालवणारे यांच्याबाबतीत हे आधी विचारावं लागतं, असं ते म्हणाले. मग मला उभं करून तपासलं, खोकायला सांगितलं. डाव्या बाजूला शिरांचा गुंता हाताला लागत होता. व्हेरिकोसील. पायाच्या शिरा फुगतात तशाच इथल्या फुगतात. डावीकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, त्यामुळं रक्त मागं साचतं आणि तिथली उष्णता वाढते. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना हे असतं आणि बहुतेकांना मुलंही होतात. पण मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांत ते तिघांत एकाला तरी सापडतं. मला डावीकडं ओढ लागल्यासारखं दुखायचं. ते मी उभ्या कामाचं दुखणं समजत होतो.

तिथल्या बाकावर एक पैलवानी अंगाचा पोरगा भेटला, सव्वीस-सत्तावीसचा. तालमीतून जिमला गेलेला, अंग लवकर भरावं म्हणून दीड वर्ष इंजेक्शनं घेतलेली. त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. बाहेरून पुरुषी हार्मोन मिळायला लागलं की मेंदू अंडकोषांना कामाचा संदेश पाठवणंच बंद करतो, हे त्याला आता कळलं होतं. इंजेक्शनं बंद करून पाच महिने झाले होते, बहुतेकांचं परत सुरू होतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तो वाट बघत होता. "ताकद वाढायची म्हणून घेतलं हो," तो म्हणाला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? आमच्या भागात तालमी भरपूर आहेत. हे पोरांना तिथं कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

इकडं बायकोची नळ्यांची तपासणी झाली. पाळीच्या आठव्या दिवशी, गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात ती. पाळीच्या दुखण्याच्या दुप्पट दुखलं, असं ती म्हणाली. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि तिनं माझा हात धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. फिल्मवर उजवी नळी सुरुवातीलाच बंद दिसत होती. कधीकधी ती दुखण्यामुळं आवळली जाते आणि बंद असल्याचा भास होतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डावी मात्र टोकाला फुगून पाण्याची पिशवी झाली होती.

त्यांनी विचारलं, "घरात कुणाला टीबी होता?" बायकोचे आजोबा ती नऊ-दहा वर्षांची असताना टीबीनं आजारी होते, ती त्यांच्याच खोलीत झोपायची. तिला ना खोकला, ना ताप, छातीचा एक्स-रे स्वच्छ. फक्त पाळीत रक्तस्राव हळूहळू कमी होत गेलेला. आणि ते आम्ही चांगलं लक्षण समजत होतो! दुर्बिणीतून पोट तपासलं तेव्हा नळ्यांवर बारीक दाणे आणि चिकटलेले पापुद्रे दिसले. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला आणि टीबी ठरला. आपल्या देशात नळ्या खराब व्हायच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. कित्येक बायकांना मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही.

सहा महिने गोळ्या. सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या, पोषणाचे महिन्याला पाचशे रुपयेही खात्यावर आले. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी झाली म्हणून ती घाबरली. गोळीचा रंग असतो, पण ते आधी सांगितलेलं नव्हतं. हा टीबी खोकल्यातून पसरणारा नव्हे, तरी आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. मी सांगून टाकलं. तिची ताटवाटी वेगळी करायचा विषय निघाला तेव्हा मी त्याच ताटात जेवायला बसलो. दोन दिवस घरात अबोला होता.

ते सहा महिने तसेही थांबायचंच होतं, तेव्हा त्यात माझं व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून घेतलं. करावं की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं होती. नळ्या बिघडल्यात, टेस्ट ट्यूबकडं जावंच लागणार, मग हे कशाला, असं एक मत. शुक्राणू सुधारले तर गर्भही चांगले मिळायची आशा वाढते आणि दुखणंही जाईल, असं दुसरं. मी दुसरं धरलं. मावा सोडला, आणि ते ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. मालकांना सगळं खरं सांगितलं, त्यांनी मेल्टिंगवरून पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यांचे नमुने बनवतात तिथं टाकलं. भत्ता गेला. जून २०२३ चा आकडा होता १ कोटी ३० लाख, हलणारे ३४ टक्के. रेघेच्या अजून खालीच, पण तो कागद मी पाकिटात ठेवून फिरायचो.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून बसून बायकोला जेवढं कळलं तेवढं मला कुठं वाचूनही कळलं नसतं. शेजारी बसणाऱ्या इचलकरंजीच्या एकीला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून अंडं वेळेवर तयार न होण्याचा आजार होता. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, हनुवटीवर केस. सात किलो वजन उतरवल्यावर पाळी महिन्यावर आली आणि साध्या गोळ्यांवर दिवस राहिले. दुसरीला शाळेपासून पाळीत लोळायची वेळ यायची, 'होतंच सगळ्यांना' म्हणून तिला गप्प बसवलेलं. निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं ते, दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी. एकीचं वय अवघं एकतीस आणि अंड्यांचा साठा संपत आलेला. एका शिक्षिकेचे सगळे रिपोर्ट चांगले, नवऱ्याचेही चांगले, आणि कारणच सापडत नव्हतं. ती म्हणायची, "तुम्हाला निदान नाव तरी मिळालं." आणि एक अशी होती की तिचा नवरा चार वर्षांत एकदाही आला नव्हता. सासू यायची सोबत.

टेस्ट ट्यूब म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या कुणाचं तरी मूल पोटात घालतात, अशी तिची समजूत. मी तिला समजावलं की अंडं हिचं, बीज माझं, फक्त नळीत भेटायचं ते बाहेर भेटवतात. आणि हे काही काल-परवाचं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ ला असं मूल जन्मलं. "म्हंजे तुझ्याहून थोरलं?" आईनं विचारलं. हो, थोरलं.

आधी तिची फुगलेली नळी काढली, कारण तिच्यातलं पाणी गर्भाशयात उतरून गर्भ रुजू देत नाही. मग पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज, कंपनीच्या विम्यात यातलं काही बसलं नाही. सेंटर निवडताना आम्ही टेस्ट ट्यूब केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखालची नोंदणी आहे का ते बघितलं, दोघांनी संमतीच्या कागदांच्या पानापानावर सह्या केल्या. अकरा दिवस पोटात सुया. पहिल्या दोन नर्सनं दिल्या, पुढच्या मी. बेंबीच्या बाजूला दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, दहा आकडे मोजून काढायची. भट्टीपुढं कधी न थरथरलेला हात पहिल्या सुईला थरथरला.

अकरा अंडी मिळाली, आठ पक्की होती. माझे शुक्राणू कमी म्हणून एकेका अंड्यात एकेक सुईनं सोडला. सहा फळली. पाचव्या दिवशी तीन गर्भ उरले. मार्च २०२४ ला पहिला सोडला. चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी पॅटर्न शॉपमध्ये होतो. तिला फोन केला, दोघंही बोललो नाही, फक्त फोन चालू ठेवला. मागं पंख्याचा आवाज येत होता.

उरलेले दोन उणे १९६ अंशांत आहेत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये. वर्षानुवर्षं १४०० अंशांपुढं काम केलेल्या माणसाची पोरं एवढ्या थंडीत वाट बघतायत, हे माझ्या मनातून जात नाही. पैसे जमवायला आणि तिचं मन तयार व्हायला वेळ लागला. आता दुसरा सोडायचा आहे, परवा.

गेल्या रविवारी आत्याच्या धाकट्या नातवाचं बारसं होतं. बायको जायला तयार नव्हती, आईच म्हणाली, चल. मी दारात चपला काढत होतो, आतलं ऐकू येत होतं. आत्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय वहिनी, सुनंचं औषध अजून चालूच हाय व्हय?"

आई म्हणाली, "दोघांचं चालू हाय. आमच्या पोराचंबी आप्रेशन झालंय." आणि बायकोच्या हाताला धरून तिला पाळण्याजवळ नेलं. "धर गं दोरी."

घरी यायला साडेआठ झाले. रोज नऊला तिला कमरेत तेलातल्या हार्मोनचं इंजेक्शन असतं, गाठ होते, नंतर शेकावं लागतं. मी औषधाची कुपी हातात धरून गरम करत होतो. आईनं गॅसवर पाणी ठेवलं आणि रबरी पिशवी शोधायला आत गेली.